जखमेचा वाफसा

शेतकऱ्याच्या भांडवलाची मोजदाद करतांना आपण जमीन, बैल, बियाणें, खत आणि पाणी यांचीं नांवें घेतों. परंतु ज्या दोन पायांवर हें सर्व उभें असतें त्यांचें नांव कोणी घेत नाहीं. पालघर व बोईसर यांच्या मध्यें असलेल्या उमरोळीसारख्या भातशेतीच्या गांवांत पायांवर पडणारा भार लहानसहान नसतो. उन्हाळ्यांत राब भाजतांना पाऊल पोळतें. मृगानंतर चिखलणी व लावणी सुरू झाली कीं पाय दिवसचे दिवस पाण्यांत राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कापणीच्या वेळीं विळा बोटावर येतो, आणि कापणी झालेल्या वावरांतून चालतांना धसकट टांचेंत शिरतें. मिठागरांत राबणाऱ्याचे पाय खाऱ्या पाण्यानें सोलून निघतात. तारापूरच्या कारखान्यांत जाणारा मुलगा दिवसभर बूट घालतो, तर त्याची टांच बुटानें सोलते. यांपैकीं बहुतेक जखमा आठपंधरा दिवसांत आपोआप भरून येतात, आणि म्हणूनच आपण त्यांस किंमत देत नाहीं. परंतु एखादी जखम अशी निघते कीं ती भरतच नाहीं. एक महिना जातो, दोन जातात, आणि अखेर बोट, पाऊल किंवा गुडघ्यापर्यंतचा पाय कापून टाकण्याची पाळी येते.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. जमिनीवर बोजा चढला म्हणजे त्याची तारीख व रक्कम फेरफाराच्या नोंदींत येते. तो कशानें चढला हें लिहिण्यास मात्र तेथें रकाना नसतो. सहज चौकशी केली असतां कित्येकदां उत्तर एकच मिळे: “पायाला लागलें होतें, दवाखान्यांत पैसा गेला.” एका कांट्यापायीं एक गुंठा, आणि एका फोडापायीं बैलजोडी गेल्याचीं उदाहरणें खेड्यांत राहणाऱ्यास अपरिचित नाहींत. म्हणून व्रणचिकित्सेचा विषय शेतकीच्या मासिकांत परका समजण्याचें कारण नाहीं. गेल्या साठसत्तर वर्षांत या शास्त्रानें पुष्कळ प्रगति केली आहे, आणि तींतील एक फार मोलाचा धडा आपल्या मुंबईंतच, तोही केळीच्या पानावर, गिरविला गेला आहे.

जखम भरते कशी

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की धरावी. जखम औषधानें भरत नाहीं. ती शरीर भरतें. औषधाचें, पट्टीचें आणि वैद्याचें काम वाटेंतील अडथळे दूर करण्याचें आहे. कातडें फाटलें म्हणजे रक्त गोठून तोंड बंद होतें. पुढील कांहीं दिवस ती जागा लाल व गरम होऊन सुजते. ही सूज म्हणजे शरीराची साफसफाई होय. रक्तांतील पांढऱ्या पेशी तेथें जमून जंतु व मेलेले कण उचलून नेतात. नंतर तळाशीं लाल, दाणेदार, नवें मांस भरूं लागतें आणि कडेनें कातडें आंत सरकत येतें. शेवटीं कित्येक महिने वण घट्ट होत राहतो. तरीही वणाची बळकटी मूळ कातड्याच्या सुमारें ८० टक्क्यांच्या पलीकडे सहसा जात नाहीं. म्हणून मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसानें टांके निघतांच भाताचें पोतें पाठीवर घेऊं नये.

हें काम अडतें कशानें? जखमेंत माती, काटकी किंवा मेलेलें मांस राहिल्यानें. जंतूंची वाढ झाल्यानें. त्याच जागेवर पुनःपुन्हा दाब पडल्यानें. रक्त कमी पोंचल्यानें. रक्तांत साखर वाढल्यानें. आणि अंगीं पोषण नसल्यानें. यांतील एकही अडथळा शिल्लक असेल तर महागांतील मलमही फुकट जातें. ज्या वावरांत पाणी तुंबलें आहे तेथें कितीही उंची बियाणें टाकलें तरी उगवण होत नाहीं, तसेंच हें आहे.

ओल किती असावी

आपल्या देशांत व्रणाचा विचार फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेंत व्रणावरील साठ उपक्रम सांगितले असून, व्रण शुद्ध करणें आणि नंतर तो भरून आणणें या दोन गोष्टी तींत स्पष्टपणें वेगळ्या केल्या आहेत. युरोपांत १८४७ सालीं व्हिएन्ना येथें सेमेलवाइस यानें बाळंतिणीस तपासण्यापूर्वीं डॉक्टरांनीं हात चुनकळीच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें धुवावेत असा नियम घातला, आणि मृत्यु झपाट्यानें कमी झाले. १८६७ सालीं लिस्टर यानें कार्बोलिक ॲसिड वापरून शस्त्रक्रियेच्या जखमा कुजण्यापासून वांचविल्या. जंतु हा शत्रु आहे हें तेव्हांपासून सर्वमान्य झालें.

परंतु त्याबरोबर एक अर्धवट समजूतही रूढ झाली. ती अशी कीं, जखम वाऱ्यावर उघडी ठेवून खडखडीत वाळूं द्यावी, खपली धरली म्हणजे काम झालें, आणि औषध जितकें झोंबेल तितकें तें चांगलें. १९६२ सालीं लंडन येथें जॉर्ज विंटर या संशोधकानें डुकरांच्या अंगावर उथळ जखमा करून कांहीं उघड्या ठेविल्या व कांहींवर पातळ पॉलिथीनचें आवरण घातलें. झांकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडें उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगानें आलें. कारण साधें आहे. कडेनें सरकणाऱ्या नव्या पेशींस ओलसर पृष्ठभागावरून सरळ चालतां येतें. वर वाळलेली खपली असली तर त्यांस तिच्या खालून, खोलांतून वाट काढावी लागते.

शेतकऱ्यास हें समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. पेरणीस आपण वाफशाची वाट पाहतों. चिखलांत बीं कुजतें, वाळक्या ढेकळांत तें करपतें. जमीन मुठींत धरली असतां गोळा व्हावा आणि टाकतांच फुटावा, अशी ओल लागते. जखमेसही असाच वाफसा लागतो. आजच्या सर्व नव्या पट्ट्या हा वाफसा सांभाळण्यासाठींच निघाल्या आहेत. फार पाझरणाऱ्या जखमेवर ओल शोषणारा फोम किंवा समुद्रशेवाळापासून केलेली अल्जिनेटची पट्टी ठेवितात. कोरड्या जखमेवर पाणीदार जेल लावितात. उथळ, स्वच्छ जखमेवर पातळ पारदर्शक पडदा पुरतो. पाणथळ वावरांत चर खणावा आणि कोरडवाहूंत पाणी द्यावें, हाच न्याय येथेंही आहे. एकच पट्टी सर्व जखमांस चालत नाहीं.

मुंबईंतील केळीचें पान

या पट्ट्यांचा दोष त्यांची किंमत. भाजलेल्या रोग्यास तर अंगभर पट्टी लागते, ती वारंवार बदलावी लागते, आणि साधें जाळीचें कापड जखमेस चिकटून बसल्यानें तें काढतांना नवें आलेलें कातडें त्याबरोबर निघतें व रोगी ओरडतो. या अडचणीवर मुंबईच्या डॉक्टरांनीं आपल्याच स्वयंपाकघरांत व बागेंत उपाय शोधला. परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयांतील डॉ. केसवाणी यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी करून भाजलेल्या जखमांवर वापरली व त्याविषयींचा प्राथमिक अहवाल १९८५ सालीं प्रसिद्ध केला. पुढें शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. माधुरी गोरे व त्यांचे सहकारी यांनीं केळीच्या पानाची पट्टी तयार केली. तिच्यावरील दोन निबंध २००३ सालीं भाजण्याच्या जखमांविषयींच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आले. एकांत अर्धवट खोलीपर्यंत भाजलेल्या जखमांवर केळीचें पान व बटाट्याची साल यांची तुलना होती. दोन्ही सारख्याच गुणकारी ठरल्या. मात्र पान कितीतरी स्वस्त पडलें व त्याची पट्टी करणेंही सोपें गेलें. दुसऱ्यांत, त्वचारोपणासाठीं जेथून कातडें काढून घेतात त्या जागेवर पान व व्हॅसलिन लावलेलें कापड यांची तुलना होती. तेथेंही पानाची पट्टी काढतांना रोग्यास त्रास कमी झाला.

पानांत असा कोणता गुण आहे? तें रुंद आहे, गुळगुळीत आहे, त्यावर मेणचट थर आहे. म्हणून तें ओल्या जखमेस चिकटत नाहीं आणि खालची ओल उडून जाऊं देत नाहीं. म्हणजे वाफसा तयार होतो, आणि तो राखणारी वस्तु बागेंत उगवते. वसईच्या बागाईतदारांनीं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस केळीं पुरविलीं. त्याच झाडाच्या पानानें मुंबईंतील भाजलेल्या गरिबाची वेदना कमी केली, याचा आपल्या किनाऱ्यावरील बागाईतदारास अभिमान वाटावा.

मात्र येथें एक इशारा स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. रुग्णालयांतील पान स्वच्छ करून, पट्टीच्या रूपांत बसवून, निर्जंतुक केलेलें असतें. परसांतील पान तोडून तसेंच जखमेवर बांधणें म्हणजे धूळ, पक्ष्यांची घाण व जंतु जखमेवर बांधणें होय. घरीं भाजलें असतां करावयाचें तें इतकेंच: भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा, बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वीं काढाव्या, स्वच्छ कापडानें हलकेंच झांकावें आणि दवाखाना गांठावा. बर्फ, शाई, दंतमंजन, चुना यांपैकीं कांहीं लावूं नये. फोड फोडूं नये.

न भरणारे व्रण

आतां जुनाट व्रणांकडे वळूं. एखादी जखम तीनचार आठवड्यांत भरण्याचें लक्षण दाखवीत नसेल तर मलम बदलीत न बसतां कारण शोधावें. आपल्याकडे मुख्य कारणें चार आहेत: बधिर झालेलें पाऊल, फुगलेल्या शिरा, तुंबलेल्या रक्तवाहिन्या, आणि अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या अंगावर पडणारा दाब.

बधिर पावलाचा धडा कुष्ठरोगानें शिकविला. पूर्वीं लोक समजत कीं हा रोग बोटें खातो. १९४६ सालीं वेल्लोर येथें आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, बोटें रोगामुळें आपोआप झडत नाहींत. संवेदना गेल्यानें माणूस चटके, खडे व खिळे यांची जाणीव न होतां त्याच जखमेवर चालत राहतो, आणि पाऊल त्यामुळें नासतें. वेदना हा शरीराचा राखणदार आहे. तो झोपला म्हणजे शेत उघडें पडतें. उपाय दोन निघाले. पहिला, पायास प्लॅस्टर घालून भार सर्व तळव्यावर वांटून देणें. दुसरा, आंत मऊ रबर व बाहेर टणक तळ असलेली चप्पल वापरणें. या दोहोंनीं वर्षानुवर्षें वाहणारे व्रण भरले. ब्रँड १९६६ सालीं अमेरिकेंतील कारव्हिल येथें गेले, आणि तेथें हेंच ज्ञान मधुमेही रोग्यांच्या पायांसही लागू पडलें. कुष्ठरोगावरील गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. अंगावर बधिर चट्टा दिसतांच त्या सुरू केल्या तर पाऊल बधिर होण्याची वेळ बहुधा येतच नाहीं.

मधुमेह हा पूर्वीं शहरी व सुखवस्तु माणसाचा रोग समजला जाई. आज तो भातखाचरांतही आला आहे. त्यांत पाऊल बधिर होतें, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि साखर जंतूंस पोसते. तिन्ही संकटें एकाच पायावर येतात. अशा माणसानें रोज रात्रीं दिव्याजवळ बसून दोन्ही तळवे पाहावे. स्वतःस दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवास दाखवावें. अनवाणी चालूं नये. वहाण घालण्यापूर्वीं ती झटकून आंत हात फिरवावा. गरम पाणी पायांनीं न अजमावितां कोपरानें अजमावावें. कुरूप किंवा घट्टा पात्यानें स्वतः कापूं नये. मधुमेही माणसाच्या पायास फोड आला तर आठ दिवस वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावा.

फुगलेल्या शिरांचा व्रण बहुधा घोट्याच्या वर, आंतल्या बाजूस होतो. सभोंवतीं कातडें काळें पडतें. त्यास मलमापेक्षां घट्ट पट्टीचा दाब व बसतेवेळीं पाय उंच ठेवणें अधिक उपयोगी पडतें. परंतु रोहिणींतून पायास रक्त नीट पोंचत आहे कीं नाहीं, हें डॉक्टरांनीं तपासल्यावांचून घट्ट पट्टी बांधूं नये. रक्त मुळांतच कमी असेल तर त्या दाबानें पाय काळा पडेल. तंबाखू व विडी यांनीं रक्तवाहिन्या आकसतात. ज्याचा व्रण भरत नाहीं त्यानें विडी सोडणें हा औषधोपचाराचाच भाग समजावा. अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनीं बदलावी. माकडहाड व टांचा येथें लाली दिसली तर ती बिछान्याच्या व्रणाची पहिली सूचना होय.

मेलेलें मांस जखमेंत राहिलें तर तें काढावेंच लागतें. तें शस्त्रानें काढितात. बैलाच्या जखमेंत किडे पडलेले आपण पाहिले आहेत. पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या अशाच जखमा आंतून स्वच्छ निघाल्याचें पाहून अमेरिकन शल्यवैद्य विल्यम बेअर यांनीं अळ्यांचा उपचार सुरू केला व १९३१ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मात्र त्या उपचारांत निर्जंतुक वातावरणांत वाढविलेल्या एका विशिष्ट माशीच्याच अळ्या वापरितात. घरच्या जखमेंत पडलेला किडा हा उपचार नव्हे. तो रोग होय.

शस्त्रक्रियेची जखम

शस्त्रक्रियेच्या जखमेचा विचार आतां शस्त्र लावण्यापूर्वींच सुरू होतो. आदल्या दिवशीं किंवा त्या दिवशीं साबणानें आंघोळ करावी. केस वस्तऱ्यानें काढूं नयेत, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतु घर करितात; आवश्यकच असेल तर कात्रीयंत्रानें कापावे. प्रतिजैविक द्यावयाचें असल्यास तें छेद घेण्यापूर्वीं दोन तासांच्या आंत द्यावें, आणि शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ भीतीपोटीं तें दिवसेंदिवस लांबवूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं सांगितलें आहे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यांत आणावी. घरीं आल्यावर टांक्यांभोंवतीं लाली पसरणें, पू किंवा दुर्गंध येणें, ताप भरणें, दुखणें कमी न होतां वाढत जाणें, यांपैकीं एक जरी खूण दिसली तरी ठरलेल्या तारखेची वाट पाहूं नये.

मोठ्या व खोल जखमांसाठीं १९९७ सालीं अमेरिकेंतील आर्जेंटा व मॉरिक्वास यांनीं एक नवी युक्ति पुढें आणिली. जखमेंत स्पंज बसवून वर हवाबंद पडदा चिकटवितात व नळीनें मंद ओढ देतात. तीमुळें पाझर निघून जातो, सूज उतरते, कडा जवळ येतात व नवें मांस लवकर धरतें.

फार मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या माणसाच्या अंगावर स्वतःचें कातडेंच पुरेसें उरत नाहीं. अशा वेळीं मृताचें दान मिळालेलें कातडें तात्पुरतें झांकण म्हणून घालितात. तेवढ्या अवधींत शरीर सांवरतें. यासाठीं शीवच्याच रुग्णालयांत २००० सालीं डॉ. गोरे यांच्या पुढाकारानें त्वचापेढी निघाली. नव्या मुंबईंत ऐरोली येथील राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्येंही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत मांड्या, पाय व पाठ येथील कातड्याचा केवळ वरचा पातळ थर काढून घेतात. देह विद्रूप होत नाहीं, आणि रक्तगट जुळण्याचीही अट नसते. नेत्रदानाचा प्रसार गांवोगांव झाला, तसा याचाही व्हावा.

घरांत काय ठेवावें

आतां सर्वांचें सार थोडक्यांत सांगतों. जखम झाली कीं प्रथम स्वच्छ, पिण्याजोग्या पाण्याच्या धारेखालीं ती भरपूर धुवावी. माती निघून जाणें हें पहिलें औषध. हळद, शेण, राख, तंबाखू, रॉकेल यांपैकीं कांहीं आंत भरूं नये; मातीशेणांतूनच धनुर्वाताचे जंतु येतात. धनुर्वाताची लस आरोग्य केंद्रांत मिळते. ती शेवटची कधीं घेतली याची तारीख रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावी. कुत्रें चावलें असेल तर साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं रेबीजच्या लशीसाठीं जावें. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानें दाबून धरावें. लावणीच्या दिवसांत सायंकाळीं पाय धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. जखम भरून येण्यास डाळ, अंडीं, मासळी, दूध व हिरव्या भाज्या लागतात. आजाऱ्यास केवळ पेजेवर ठेवूं नये.

सोसायटीच्या चालकांस एक विनंति करावीशी वाटते. खताच्या व बियाण्याच्या गुदामांत एका फळीवर निर्जंतुक पट्ट्या, सलाइनच्या बाटल्या, चिकटपट्टी व कात्री एवढें साहित्य सभासदांसाठीं ठेवावें, आणि लावणीपूर्वीं रबरी बूट घाऊक दरानें आणून द्यावे. त्याचा खर्च एका बैलाच्या किंमतीइतकाही येणार नाहीं. जमिनीवरील बोजा फेडण्यास वर्षें लागतात. पायावरची जखम धुण्यास पाव घटका पुरते.